शिक्का, मोर्तब आणि लेटरहेड

आमच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक राहत असत. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरून त्यांचे आणि सोसायटीचे वाजले. सरांनी रीतसर हरकतीचे पत्र लिहायला घेतले. घरात धड कोरा कागद नव्हता. पण विद्यापीठातले कपाट रिकामे करताना विभागाच्या लेटरहेडचा अर्धा गठ्ठा घरी आला होता, तो होता. कागद जाड, गुळगुळीत, वर विद्यापीठाचे बोधचिन्ह, खाली विभागाचे नाव. सरांनी त्यावर पत्र लिहिले आणि चिटणीसांच्या दारात सरकवले. चार दिवसांनी त्याचे उत्तर गेले ते थेट विद्यापीठाच्या कुलसचिवांना. ‘आपल्या विभागाने आमच्या टाकीसंबंधी घेतलेल्या हरकतीच्या संदर्भात’ अशी त्याची सुरुवात होती. पुढे विद्यापीठाकडून सरांना विचारणा झाली. सर हा किस्सा सांगताना वैतागत आणि हसतही. म्हणत, ‘‘अहो, कागद चांगला होता म्हणून वापरला!’’

चिटणीस खवचट होते, पण त्यांनी कागद बरोबर वाचला होता. पत्राच्या तळाशी सही कोणाची आहे, याच्याआधी आपण पत्राच्या माथ्यावर काय आहे ते पाहतो. माथ्यावर विद्यापीठाचे चिन्ह असेल तर बोलणारे विद्यापीठ असते. सही करणारा फक्त त्याचा हात असतो. जगभरातली विद्यापीठे आपले नाव, मुद्रा आणि बोधचिन्ह कागदावर कसे वापरावे याच्या पुस्तिका काढतात. चिन्हाभोवती किती जागा सोडायची, निळा रंग नेमका कोणता, कोणत्या कागदावर मुद्रा चालेल आणि कोणत्यावर नाही, असे बारीक नियम त्यात असतात. वरवर पाहता हा सजावटीचा सोस वाटतो. पण या नियमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: संस्थेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला?

ज्याला हात नाही त्याची सही

मुंबई विद्यापीठ १८५७ साली ज्या कायद्याने स्थापन झाले, त्यात विद्यापीठाला अखंड परंपरा आणि सामाईक मुद्रा दिलेली आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही हीच दोन लक्षणे आहेत. विद्यापीठ ही कायद्याच्या दृष्टीने एक ‘व्यक्ती’ आहे. ती जमीन घेऊ शकते, करार करू शकते, तिच्यावर दावा लावता येतो. कुलगुरू येतात-जातात, ती मात्र राहते. अडचण एकच: या व्यक्तीला हात नाही, त्यामुळे तिला सही करता येत नाही. मुद्रा हा तिचा हात. म्हणून मुद्रा कोणाच्या ताब्यात राहील आणि कोणत्या कागदावर कोणाच्या संमतीने उमटेल, हा प्रश्न विद्यापीठाच्या जन्मापासून महत्त्वाचा ठरला.

कंपन्यांचेही पूर्वी असेच होते. भारतात २०१५च्या दुरुस्तीने कंपन्यांवरची सामाईक मुद्रेची सक्ती गेली. अधिकृत व्यक्तींच्या सह्या पुरेशा मानल्या गेल्या. विद्यापीठांची मुद्रा मात्र टिकून आहे. तिचे काम नुसत्या करारापुरते नाही. पदवी देणे म्हणजे ‘या माणसाला हे येते’ अशी ग्वाही देणे. ती ग्वाही एका प्राध्यापकाची नसते, सगळ्या संस्थेची असते.

मराठी वाचकाला हा विचार नवा नाही. आपण रोज बोलताना ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द वापरतो, पण तो दोन वेगळ्या वस्तूंचा जोडशब्द आहे हे विसरतो. मराठेशाहीतल्या अधिकृत पत्रावर शिक्का उमटे तो वरच्या भागात, आणि मोर्तब उमटे मजकूर संपतो तिथे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर राजमुद्रा आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा दिसते. ‘ही इथे मर्यादा शोभते आहे’ असा तिचा साधा अर्थ. वरच्या मुद्रेने कळते की कोण बोलतो आहे. खालच्या मुद्रेने कळते की त्याचे बोलणे कुठे संपले. मोर्तबाच्या खाली कोणी एक ओळ जरी घुसडली, तरी ती राजाची ओळ नव्हे. अधिकार आणि अधिकाराची सीमा, दोन्ही एकाच कागदावर दाखवण्याची ही रीत होती. आजच्या पुस्तिकांतले बहुतेक नियम याच दोन कामांत वाटून टाकता येतात.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात पेशव्यांचे नाव पहिले येत नाही. आधी येतो छत्रपतींचा उल्लेख, मग पेशव्यांचे नाव आणि शेवटी ‘मुख्य प्रधान’ हे पद. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात एकवटली तेव्हाही शिक्का मात्र सांगत राहिला की हा माणूस कोणाच्या वतीने लिहितो. आज विद्यापीठाच्या लेटरहेडवर आधी विद्यापीठ, त्याखाली विद्याशाखा, मग विभाग आणि शेवटी व्यक्ती ही उतरंड असते, तिचा अर्थ हाच. विभागाने आपले नाव मोठ्या टायपात आणि विद्यापीठाचे नाव कोपऱ्यात छापले, तर तो नुसता मांडणीचा दोष राहत नाही. आपला अधिकार कुठून येतो, याबद्दल त्या कागदाने केलेले ते चुकीचे विधान ठरते.

मुद्रा वेगळी, बोधचिन्ह वेगळे

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मुद्रा आणि बोधचिन्ह यांत. मुद्रा पुरावा देते, बोधचिन्ह ओळख देते. मुद्रेचे उमटणे म्हणजे ‘हा कागद खरा आहे’ हे सांगणे. बोधचिन्ह दिसणे म्हणजे ‘हा कागद आमच्याकडून आला आहे’ इतकेच सांगणे. म्हणून बहुतेक विद्यापीठांत मुद्रा पदवीपत्र, गुणपत्रक, नियामक मंडळाचे ठराव अशा मोजक्या कागदांसाठी राखून ठेवतात. पत्रे, पाकिटे, व्हिजिटिंग कार्ड, निमंत्रणपत्रिका यांवर बोधचिन्ह येते. मुद्रा चहाच्या कपावर छापू लागलो, तर पदवीपत्रावरच्या मुद्रेचे वजनही कपाइतकेच उरेल.

हा फरक लोकांना कळला नाही तर काय होते, याचे उत्तम उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. १८६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या मुद्रेवर उघडे पुस्तक, तारा आणि ‘प्रकाश होवो’ अशा अर्थाचे इंग्रजी बोधवाक्य आहे. २०१२मध्ये विद्यापीठाने एक नवे, सुटसुटीत चिन्ह आणले: निळ्या ढालीसारखा आकार आणि त्यात फिकट होत जाणारे पिवळे अक्षर. संगणकावर पान उघडत नसताना जे चक्र फिरत राहते, त्याच्याशी लोकांनी त्याची तुलना केली. विरोधाच्या अर्जावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या. विद्यापीठ सांगत होते की जुनी मुद्रा काढलेली नाही, ती पदवीपत्रांवर आणि अधिकृत कागदांवर राहणारच आहे. नवे चिन्ह जाहिराती आणि माहितीपत्रकांसाठी आहे. ते खरेही होते. पण ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. डिसेंबर २०१२मध्येच विद्यापीठाने नवे चिन्ह मागे घेतले.

चिन्ह कुरूप होते म्हणून हा विरोध झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण सह्या करणाऱ्यांत माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्यांच्या भिंतीवर टांगलेल्या पदवीपत्रावर ती मुद्रा होती. संस्थेने त्यांच्याबद्दल जी ग्वाही दिली होती, तिच्या खालचा हात बदलतो आहे की काय, अशी ती धास्ती होती. ती गैरसमजातून आलेली असली तरी पोकळ नव्हती.

बारीक नियमांमागची कारणे

आता त्या बारीक नियमांकडे वळू. पहिला नियम रिकाम्या जागेचा. बोधचिन्हाच्या चारी बाजूंना ठरावीक अंतर कोरे सोडायचे असते. ते अंतर सहसा चिन्हातल्याच एखाद्या अक्षराच्या उंचीने मोजतात, म्हणजे चिन्ह लहान-मोठे झाले तरी प्रमाण बिघडत नाही. दिसायला नीटस हा एक लाभ झाला. खरा लाभ असा, की दुसऱ्या कोणाचे चिन्ह विद्यापीठाच्या चिन्हाला चिकटत नाही. दोन चिन्हे शेजारी आली की वाचणारा त्यांच्यात नाते जोडतो. शिकवणी वर्गाच्या पत्रकावर विद्यापीठाचे चिन्ह शेजारी छापले, की एका शब्दानेही खोटे न बोलता खोटे सांगून होते.

दुसरा नियम किमान आकाराचा. ऑक्सफर्डच्या चिन्हात तीन मुकुटांच्या मध्ये उघडे पुस्तक आहे आणि त्या पुस्तकावर लॅटिन बोधवाक्य. चिन्ह फार लहान केले तर शाई पसरते आणि अक्षरांचा ठिपका होतो. वाचता न येणारे बोधवाक्य कोणालाही नक्कल करता येते, कारण मग नक्कल करायला काही उरतच नाही. तिसरा नियम रंगाचा. ऑक्सफर्डची गडद निळी शाई पँटोन या रंगसूचीत २८२ क्रमांकाने ओळखली जाते. मुद्रकाला ‘गडद निळा’ सांगितले तर दहा छापखान्यांतून दहा निळे येतील. क्रमांक सांगितला तर सगळीकडे एकच येतो. सगळी खरी पत्रे एकाच निळ्या रंगाची असली, की वेगळ्या निळ्या रंगाचे पत्र हातात पडताच नजर अडखळते. चौथा नियम, चिन्ह ताणायचे नाही, वाकडे करायचे नाही, त्यात स्वतःची भर घालायची नाही. मोर्तबाखाली ओळ न घालण्याचाच हा नियम आहे.

उठावाच्या मुद्रेचीही अशीच गोष्ट आहे. दोन धातूच्या साच्यांमध्ये कागद दाबला की शाईशिवाय आकृती वर उठते. बोट फिरवले तर ती लागते, झेरॉक्समध्ये मात्र नीट येत नाही. नकलेत न येणे हाच तिचा गुण होता. आता ही राखण हळूहळू दुसरीकडे जाते आहे. पदवीपत्रावर क्यूआर कोड असतो, आणि राष्ट्रीय शैक्षणिक भांडारातल्या नोंदी डिजिलॉकरमधून तपासता येतात. कागद खरा की खोटा हे उद्या बोटांनी कोणी तपासणार नाही, फोनवर तपासतील. पण ‘हे कोण बोलते आहे’ हा प्रश्न क्यूआर कोड सोडवत नाही. उलट, लेटरहेडची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर आल्यापासून तो जास्त बिकट झाला आहे. पूर्वी निदान गठ्ठा घरी न्यावा लागे.

नाव सांगणे आणि नावाने बोलणे

नियमांचा खरा कस लागतो तो माणसाला स्वतःचे मत असते तिथे. प्राध्यापक एखाद्या निवडणुकीत, संपात, आंदोलनात बाजू घेतो. निवेदनावर सही करताना तो विद्यापीठाचे लेटरहेड वापरू शकतो का? आणि वापरू नये म्हटले, तर ती त्याच्या तोंडावरची पट्टी नव्हे का?

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेतले ९२००० हे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. विद्यापीठाचे नाव ही राज्याची मालमत्ता आहे, असे ते सांगते. नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय ते नाव एखाद्या संपाच्या, बहिष्काराच्या किंवा राजकीय, धार्मिक, सामाजिक, आर्थिक चळवळीच्या समर्थनासाठी वा विरोधासाठी जाहीरपणे मिरवता येत नाही. ‘समर्थन’ आणि ‘विरोध’ हे दोन्ही शब्द तिथे आहेत, हे महत्त्वाचे. इतके कडक लिहून झाल्यावर त्याच कलमात एक दार उघडे ठेवले आहे: कोणीही आपला विद्यापीठाशी असलेला किंवा पूर्वी असलेला संबंध खरेपणाने सांगितला, आपली पात्रता वा अनुभव सांगताना नोकरीचा वा शिक्षणाचा उल्लेख केला, तर त्याला हे कलम आड येत नाही.

म्हणजे रेषा इथे ओढली आहे: ‘मी या विद्यापीठात शिकवतो’ हे सांगणे माझा हक्क; ‘हे विद्यापीठ असे म्हणते’ असे भासवणे माझा हक्क नाही. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या आणि महाविद्यालयांच्या संघटनांनी मिळून शैक्षणिक स्वातंत्र्याविषयी १९४० साली जे निवेदन केले, त्यातही दोन्ही बाजू जोडीने येतात. शिक्षक नागरिक म्हणून बोलतो किंवा लिहितो तेव्हा संस्थेने त्याच्यावर सेन्सॉरशिप लादू नये की शिस्तभंगाची कारवाई करू नये. आणि शिक्षकानेही आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न करावा. लेटरहेडचा नियम नीट पाळला तर तो बोलणाऱ्याचे संरक्षणच करतो. साध्या कागदावर लिहिणाऱ्या प्राध्यापकाला ‘तुम्ही संस्थेला गोत्यात आणले’ असे कोणी म्हणू शकत नाही.

अर्थात हाच नियम उलटाही वापरता येतो. नावडते मत दिसले की ‘नावाचा गैरवापर’ म्हणून नोटीस काढायची आणि आवडते मत असेल तर लेटरहेडकडे काणाडोळा करायचा, हे कुठेही घडू शकते. नियम प्रामाणिक आहे की नाही, हे तो लिहिला कसा आहे यावर ठरत नाही. तो दोन्ही बाजूंना सारखा लागतो की नाही, यावर ठरते.

आपल्याकडचे दोन कायदे

भारताच्या राजचिन्हाच्या गैरवापराला बंदी करणारा कायदा २००५चा आणि त्याचे नियम २००७चे. कायद्यात दोन वर्षांपर्यंतची कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे. नियमांत माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, माजी न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांचा वेगळा उल्लेख आहे: परवानगी नसताना त्यांनाही राजचिन्ह वापरता येत नाही. ‘माजी’ हा शब्द मुद्दाम लिहावा लागला यातच सगळे आले. चिन्ह पदाचे असते. माणूस पदावरून उतरला की चिन्ह तिथेच राहते, कपाटातल्या गठ्ठ्याबरोबर घरी येत नाही.

दुसरा कायदा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, १९५६चा. त्याच्या २३व्या कलमानुसार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला आपल्या नावाशी ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द कोणत्याही रीतीने जोडता येत नाही. पुढच्या कलमातला दंड मात्र एक हजार रुपयांपर्यंतचा. राजचिन्ह वापरले तर कैद होऊ शकते. बनावट विद्यापीठाचे नाव छापून मुलांची वर्षे आणि आईबापांची बचत गिळली, तर या कलमाखाली हजार रुपये. फसवणुकीचे इतर कायदे आहेत, पण लेटरहेडवरच्या त्या एका शब्दाची किंमत आपण किती लावली, हे या आकड्यातून दिसते.

२३व्या कलमाचा धाक खऱ्या संस्थांनाही बसला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर २०१७मध्ये आयोगाने १२३ अभिमत संस्थांना आपल्या नावातून ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द काढायला सांगितले. नावापुढे कंसात ‘अभिमत विद्यापीठ’ असा दर्जा लिहिण्याची मोकळीक राहिली. पाट्या, लेटरहेड, शिक्के, संकेतस्थळे सगळे बदलणे आले. शब्द तोच, पण नावात लिहिला तर एक दावा आणि कंसात लिहिला तर दुसरा.

नावासाठी सोळा वर्षे

कागदाच्या माथ्यावर काय छापले आहे, यासाठी माणसे किती किंमत मोजतात, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला सुरू झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळली, माणसे मारली गेली. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, बलिदाने झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला.

त्या लढ्याकडे नुसते लेटरहेडच्या चष्म्यातून पाहणे हा त्याचा अपमान होईल. पण एक प्रश्न विचारायला हरकत नाही. इमारती त्याच राहणार होत्या, अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच. बदलणार होती ती कमानीवरची, शिक्क्यातली आणि पदवीपत्राच्या माथ्यावरची अक्षरे. तरीही एका बाजूला त्यासाठी मरायला माणसे तयार झाली आणि दुसऱ्या बाजूला मारायला. कारण दोघांनाही एक गोष्ट पक्की कळली होती: या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या ज्ञानाची ग्वाही यापुढे कोणाच्या नावाने दिली जाणार, हे त्या अक्षरांवरून ठरणार होते. चिन्हे आणि नावे ही वरवरची बाब आहे, असे म्हणणाऱ्याने ही सोळा वर्षे आठवावीत.

आमच्या सरांनी पुढे काय केले ते सांगून थांबतो. उरलेला गठ्ठा त्यांनी स्वतः नेऊन विभागात परत केला. नंतर सोसायटीला त्यांची आणखी बरीच पत्रे गेली, ती वहीच्या रेघी कागदावर. वर तारीख आणि घराचा क्रमांक, खाली सही, सहीखाली ‘निवृत्त प्राध्यापक’. संबंध खरा होता, तो सांगायचा हक्क त्यांना होता, आणि तो त्यांनी मजकूर संपल्यावर, मोर्तबाच्या जागी सांगितला. माथा कोरा होता. बोलत होते ते सरच.

टाकी त्या पावसाळ्याआधी दुरुस्त झाली.